हात हवेत, मत नको! जर्मनीचे ‘पाहुणे कामगार’ आणि नागरिकत्वाचा प्रश्न

महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग हे राज्य यांच्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा सामंजस्य करार झाला. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, प्लंबर अशा कामांसाठी पहिल्या टप्प्यात १० हजार तरुण पाठवायचे, अशी घोषणा झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतातील कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले. तेव्हापासून आयटीआय झालेल्या, जीएनएम केलेल्या आपल्या मुलामुलींच्या बोलण्यात जर्मनी सारखी येते. इथे सरकारी भरती आटली, आहे त्या नोकऱ्या कंत्राटी झाल्या आणि आरक्षण कागदावर राहिले. अशा वेळी पोरांनी बाहेर बघू नये असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

पण विचारले जाणारे प्रश्न बघा. पगार किती? खोली मिळते का? खर्च किती येतो? हे सगळे विचारायलाच हवे. एक प्रश्न मात्र क्वचितच ऐकू येतो. किती वर्षे काम केल्यावर त्या देशात आपण हक्काचे माणूस होऊ? आपले मत कधी मोजले जाईल? की हात तेवढे हवेत आणि काम संपले की निघा, असा हिशेब आहे?

परदेशी कामगार आणावेत का, आणि आणले तर त्यांना नागरिकत्वाची वाट द्यावी का, हा वाद जगभर चालू आहे. मालकवर्गाला माणसे हवीत, पण हवी तेव्हा आणि हवी तेवढीच. स्थानिक कामगार संघटनांना भीती वाटते की स्वस्त मजूर आले तर आपली मजुरी पडेल. संस्कृतीरक्षकांना रंग, धर्म, भाषा खुपते. सरकारे या तिघांना खूश ठेवायला एक मधला मार्ग काढतात. माणूस आणायचा, पण ‘तात्पुरता’. हा मधला मार्ग किती फसवा आहे ते समजून घ्यायचे तर जर्मनीइतके चांगले उदाहरण दुसरे नाही, कारण तिथे तो पूर्ण राबवून झाला आहे.

पाहुणे आले आणि राहिले

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीचे कारखाने धडधडू लागले आणि माणसे कमी पडू लागली. १९५५ साली इटलीशी करार झाला. मग १९६० मध्ये स्पेन आणि ग्रीस, १९६१ मध्ये तुर्कस्तान, १९६४ मध्ये पोर्तुगाल, १९६८ मध्ये युगोस्लाव्हिया. या कामगारांना नाव पडले ‘गास्टआर्बायटर’, म्हणजे पाहुणा कामगार. हा शब्दच चलाख आहे. पाहुण्याला आपल्याकडे कोणी रात्रपाळीत भट्टीसमोर उभे करत नाही.

इस्तंबूलमध्ये जर्मनीचे भरती कार्यालय होते. तिथे जर्मन डॉक्टर उमेदवारांचे दात, डोळे, फुप्फुसे तपासत आणि धडधाकट तेवढेच गाडीत बसवत. तुर्कस्तानच्या करारात सुरुवातीला स्पष्ट अट होती की दोन वर्षे काम करायचे आणि परत जायचे. त्या जागी नवा माणूस येईल. यालाच ते ‘फिरती पद्धत’ म्हणत. ही अट १९६४ मध्ये काढून टाकली गेली, आणि ती काढायला लावली खुद्द मालकांनी. शिकवून तयार केलेला माणूस दोन वर्षांनी घालवायचा आणि पुन्हा नवखा माणूस घेऊन सुरुवात करायची, हे त्यांना परवडत नव्हते. कामगार तात्पुरता हवा असे धोरण सांगत होते, तोच कामगार कायम हवा असे कारखाना सांगत होता. मधल्या मध्ये तो माणूस मात्र ना तात्पुरता ना कायमचा, असा अधांतरी राहिला.

त्याच वर्षी, १० सप्टेंबर १९६४ रोजी, कोलोनच्या डॉइट्झ स्थानकावर दहा लाखावा पाहुणा कामगार उतरला. आर्मांदो रॉड्रिग्स द सा हा पोर्तुगालच्या खेड्यातला सुतार. लाउडस्पीकरवर आपले नाव ऐकून तो बिचारा घाबरला. त्याला वाटले, आता परत पाठवणार. पण त्याच्या हातात फुले दिली गेली, एक मोपेड भेट मिळाली, फोटो निघाले. ती मोपेड आज बॉन शहरातल्या इतिहास संग्रहालयात ठेवलेली आहे. (याच बॉनच्या विद्यापीठात १९२१ मध्ये बाबासाहेबांनी नाव नोंदवले होते.) रॉड्रिग्स पुढे आजारी पडून गावी परतला आणि १९७९ मध्ये कॅन्सरने वारला. साठवलेला पैसा उपचारात गेला. जर्मनीत भरलेल्या विम्यातून आपल्याला आजारपणाची मदत मिळू शकते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. फोटो सगळ्यांनी काढले, हक्क सांगायला कोणी आले नाही.

१९७३ च्या ऑगस्टमध्ये कोलोनच्या फोर्ड कारखान्यात जे घडले ते आपल्या कार्यकर्त्यांनी मुद्दाम वाचावे. उन्हाळी रजेत हजारो मैलांवर गावी जाऊन उशिरा परतले म्हणून सुमारे ३०० तुर्की कामगारांना काढून टाकले गेले. त्यावर बाकीचे तुर्की कामगार कामावरच ठिय्या देऊन बसले. मागण्या साध्या होत्या. काढलेल्यांना परत घ्या, पट्ट्याचा वेग कमी करा, तासाला एक मार्क वाढवा. संघटनेने पाठ फिरवली, बहुतेक जर्मन सहकारी दूर राहिले, आणि शेवटी पोलिसांनी संप मोडला. कायद्याने १९७२ पासून परदेशी कामगाराला कारखान्याच्या कामगार मंडळावर निवडून येता येत होते. पण १९६५ च्या परकीय कायद्यानुसार त्याचा देशातला मुक्काम मात्र अधिकाऱ्याच्या मर्जीवर होता. ज्याच्या डोक्यावर देश सोडायची टांगती तलवार आहे तो संपावर बसतो तेव्हा त्याला नोकरीसोबत घर आणि मुलांची शाळाही पणाला लावावी लागते.

त्याच वर्षी तेलाचे भाव भडकले आणि २३ नोव्हेंबर १९७३ रोजी भरती बंद झाली. आता हे लोक आपसूक परत जातील, असे सरकारला वाटले. झाले उलटे. आधी लोक येत-जात होते. १९५५ ते १९७३ दरम्यान सुमारे १ कोटी ४० लाख आले आणि त्यातले १ कोटी १० लाख परतलेही. दार बंद झाल्यावर मात्र आत असलेल्यांनी विचार केला की गेलो तर पुन्हा येता येणार नाही. त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतले. भरती थांबली आणि परदेशी वस्ती वाढली! १९८३ मध्ये सरकारने कायदा करून परत जाणाऱ्यांना १०,५०० मार्क देऊ केले, तरी बहुतेक जण हलले नाहीत.

वाट दाखवणारे नव्हते असे नाही. परकीयांच्या प्रश्नावर नेमलेले पहिले आयुक्त हाइन्झ क्यून यांनी १९७९ मध्येच अहवाल देऊन सांगितले होते की हे लोक आता इथलेच आहेत हे मान्य करा, इथे वाढलेल्या मुलांना नागरिकत्व द्या, स्थानिक निवडणुकीत मत द्या. अहवाल बाजूला पडला. ‘जर्मनी हा स्थलांतरितांचा देश नाही’ हे वाक्य पुढची दोन दशके सत्ताधारी म्हणत राहिले. १९१३ चा नागरिकत्व कायदा रक्तावर आधारलेला होता. बाप जर्मन तर मूल जर्मन. कोलोनमध्ये जन्मलेले, जर्मन शाळेत शिकलेले तुर्की बापाचे मूल कायद्याने परकीयच. हामबुर्ग आणि श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्यांनी परदेशी रहिवाशांना स्थानिक निवडणुकीत मत देण्याचा प्रयत्न केला, तोही संविधान न्यायालयाने १९९० मध्ये रद्द ठरवला. मत हवे तर आधी नागरिकत्वाचा कायदा बदला, असाच त्या निकालाचा अर्थ होता. मग १९९२ मध्ये म्यॉल्न इथे आणि १९९३ मध्ये झोलिंगेन इथे तुर्की कुटुंबांची घरे जाळली गेली. दोन्ही मिळून आठ जीव गेले, त्यात लहान मुली होत्या.

साम्यवादी पूर्व जर्मनीनेही यापेक्षा वेगळे काही केले नाही, हे डाव्या मित्रांच्या माहितीसाठी. तिथे व्हिएतनाम आणि मोझांबिकमधून ‘करार कामगार’ आणले गेले. कामगार स्त्रीला दिवस गेले तर गर्भपात किंवा परतीचा प्रवास, एवढेच पर्याय बराच काळ होते. मोझांबिकच्या कामगारांच्या पगाराचा मोठा हिस्सा ‘मायदेशी मिळेल’ म्हणून कापून घेतला गेला. त्या पैशासाठी ते लोक म्हातारपणीही मापुटोच्या रस्त्यावर मोर्चे काढत होते.

आपल्याला हे ओळखीचे का वाटते

गावाचे काम करायचे, पण राहायचे गावकुसाबाहेर. ही रचना आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगली आहे. महार वतनात माणूस एका मालकाशी नव्हे, अख्ख्या गावाशी आणि सरकारी अंमलदारांशी बांधलेला होता. रात्री-अपरात्री बोलावणे आले की जायचे, मोबदला बलुत्याचा, आणि घरातल्या एकाच्या वतनापायी सगळे कुटुंब राबायचे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायदा दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच बांधिलकीवर घाव घालण्यासाठी. काही जणांना तेव्हा वाटले की वतनाची जमीन हातची जाईल. बाबासाहेबांचा मुद्दा असा होता की तो तुकडाच पायातली बेडी आहे.

तुलना ताणू नये. जर्मनीला जाणारा मुलगा स्वखुशीने जातो, चांगला पगार घेतो, आणि नको वाटले तर परत येऊ शकतो. वतनात ती सोय नव्हती, शिवाय ते जन्माने चिकटत होते. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. ज्याला काम नाकारता येत नाही त्याच्या कामाची किंमत दुसरा ठरवतो. व्हिसा एकाच मालकाच्या नावाने असेल आणि मालकाने काढले की देश सोडावा लागत असेल, तर कामगार ‘नाही’ कसा म्हणेल? म्हणून नागरिकत्वाची वाट ही शेवटी मिळणारी बक्षिसी समजू नये. ती कागदावर आहे की नाही यावर पहिल्या दिवसापासूनची ताकद ठरते. आपण इथे टिकणार आहोत हे ज्याला माहीत असते तो भाषा शिकतो, संघटनेत जातो, मालकाविरुद्ध तक्रार करतो. सगळ्यांनीच तिथे कायमचे राहावे असे नाही. १ कोटी १० लाख माणसे परतलीच ना! पण जायचे की राहायचे हे ठरवणारा कामगार असला पाहिजे.

अमेरिकेत हाच वाद वारंवार पेटतो. १९४२ ते १९६४ दरम्यान ‘ब्रासेरो’ योजनेत मेक्सिकोच्या शेतमजुरांशी सुमारे ४६ लाख करार झाले. २००७ मध्ये सिनेटपुढे आलेल्या विधेयकात अशी तरतूद होती की पाहुण्या कामगाराने दोन वर्षे काम करावे, एक वर्ष घरी जाऊन बसावे, पुन्हा यावे, असे तीनदा. ते विधेयक पडले. २०१३ चे विधेयक सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केले. त्यात कागदपत्रे नसलेल्यांना सुमारे १३ वर्षांनी का होईना नागरिकत्वाची वाट होती, पण कनिष्ठ सभागृहाने ते मतदानालाच घेतले नाही. शेतीसाठीचा एच-२ए आणि इतर हंगामी कामांचा एच-२बी हे व्हिसे तसेच चालू राहिले. त्यात कामगार एका मालकाला बांधलेला असतो आणि पुढे ग्रीन कार्डाची वाट नसते.

ही वाट नसताना ती विकली कशी जाते, त्याचा पुरावा आपल्याच देशातल्या माणसांनी दिला आहे. कतरिना वादळानंतर २००६-०७ मध्ये सिग्नल इंटरनॅशनल या जहाजबांधणी कंपनीने सुमारे ५०० भारतीय वेल्डर आणि पाइपफिटर मिसिसिपी आणि टेक्सासमध्ये नेले. भरती करणाऱ्यांनी एकेकाकडून १० ते २० हजार डॉलर घेतले आणि सांगितले की ग्रीन कार्ड मिळेल. हातात पडला एच-२बी. राहायला कुंपणातली छावणी, एका ट्रेलरमध्ये २४ पर्यंत माणसे, आणि त्याचेच महिना १,०५० डॉलर पगारातून कापलेले. शेती विकून, सोने गहाण ठेवून गेलेली ही माणसे परतही येऊ शकत नव्हती, कारण कर्ज तसेच होते. २००८ मध्ये त्यांनी काम सोडले आणि न्यू ऑर्लिन्सहून वॉशिंग्टनपर्यंत मोर्चा नेला. फेब्रुवारी २०१५ मध्ये ज्युरीने पाच कामगारांना १ कोटी ४० लाख डॉलरची भरपाई मंजूर केली, त्यानंतर कंपनी दिवाळखोरीत गेली आणि बाकीच्यांसह तडजोड झाली. न्याय मिळाला, पण सात वर्षांनी, आणि संघटित झाले म्हणून मिळाला.

आजचे जर्मनीचे दार

जर्मनीने शेवटी कायदा बदलला. १ जानेवारी २००० पासून आठ वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वाचा हक्क आला आणि तिथे जन्मलेल्या मुलांनाही दार उघडले. त्याआधी, १९९९ मध्ये, दुहेरी नागरिकत्वाविरुद्ध विरोधी पक्षाने सह्यांची मोहीम चालवली होती, म्हणून कायद्यात पाचर मारली गेली. त्या मुलांनी २३ व्या वर्षापर्यंत दोनपैकी एक देश निवडायचा. मग २७ जून २०२४ पासून मुदत पाच वर्षांवर आली, दुहेरी नागरिकत्व मान्य झाले, आणि जुन्या पाहुण्या कामगारांच्या पिढीला लेखी परीक्षेतून सूट मिळाली, बोलता येण्याइतके जर्मन पुरेसे ठरले. तोवर त्यातले कित्येक ऐंशीच्या घरात होते. कित्येक वारलेही होते. २०२४ मध्ये सुमारे २ लाख ९० हजार लोकांना जर्मन नागरिकत्व मिळाले.

पण वारे फिरते आहे. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतरितविरोधी एएफडी पक्ष २० टक्क्यांहून अधिक मते घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये संसदेने, भाषा आणि काम यांत विशेष प्रगती करणाऱ्यांसाठी असलेली तीन वर्षांची झटपट वाट बंद केली. पाच वर्षांची वाट आणि दुहेरी नागरिकत्व अजून शाबूत आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच देशात आज दोन दारे आहेत, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. एक दार मान्यताप्राप्त पदवी किंवा प्रशिक्षण असलेल्या कुशल कामगाराचे. त्याला साधारण तीन वर्षांनी, आणि जर्मनीतच प्रशिक्षण पूर्ण केले असेल तर दोन वर्षांनी, कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. भाषेची आणि पेन्शनच्या हप्त्यांची अट असते. दुसरे दार मार्च २०२४ मध्ये उघडले. त्यात ना पदवी लागते ना भाषा. वर्षाला २५ हजार माणसांची मर्यादा, बारा महिन्यांत जास्तीत जास्त आठ महिने काम, मग परत. यातून कायम वास्तव्याकडे जाणारा रस्ता नाही. जुना पाहुणा कामगार मागच्या दाराने पुन्हा आला आहे, असेच मी म्हणेन. एजंटच्या जाहिरातीत मात्र दोन्हींचे नाव एकच: ‘जर्मनी वर्क व्हिसा’.

आखाती देशांत तर हा प्रश्नच विचारता येत नाही. सुमारे ९० लाख भारतीय तिथे आहेत, पण सामान्य कामगाराला तीस वर्षे राबूनही नागरिकत्व मिळत नाही. इस्रायलने बांधकामासाठी २०२४ पासून भारतातून नेलेल्या कामगारांचेही तेच, मुदत संपली की परत. तिथे जाणाऱ्याने हे धरूनच जावे की आपण पैसा कमवायला चाललो आहोत.

एक हिशेब आपल्या बाजूचाही आहे. जर्मनी दुहेरी नागरिकत्व देते, भारत देत नाही. जर्मन पासपोर्ट घेतला की १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार भारतीय नागरिकत्व संपते. ओसीआय कार्ड मिळेल, येणे-जाणे सोपे होईल, पण इथे मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. बाबासाहेबांनी मिळवून दिलेले मत सोडून दुसऱ्या देशाचे मत घ्यायचे, हा निर्णय सोपा नाही. माझ्या मते जो जिथे राबतो आणि कर भरतो तिथे त्याचे मत असणे जास्त महत्त्वाचे. पण हा निर्णय ज्याचा त्याने पुरेशा माहितीवर घ्यावा. आणि तो होईपर्यंतची पाच-सहा वर्षे तिथे मत नाही आणि इथे मतदानाला येणे परवडत नाही, म्हणजे दोन्हीकडे माणूस मुका, हेही लक्षात ठेवावे.

आपल्या विहारांत स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालतात, तिथे जर्मन भाषेचे वर्ग चालायला हरकत काय? बी-१ पातळीची भाषा नोकरीला, कायम परवान्याला आणि नागरिकत्वाला, तिन्हीकडे उपयोगी पडते. तिथे आधी पोहोचलेल्या आपल्या नर्सभगिनींनी आणि अभियंत्यांनी करारपत्र तपासायला दर आठवड्याला एक तास दिला तरी कित्येक घरे कर्जातून वाचतील. भारताच्या १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून कर वगळून जास्तीत जास्त ३० हजार रुपयेच घेता येतात. या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्याचा मसुदा केंद्राने २०२५ मध्ये जाहीर केला आहे. त्यात ही मर्यादा आणि कामगाराला दाद मागायची सोय राहते की नाही यावर संघटनांनी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावे.

आणि एजंट जर म्हणाला की ‘पीआर नक्की’, तर त्याला व्हिसाचा प्रकार आणि कायद्याचे कलम कागदावर लिहून मागा. त्याने ते लिहून देईपर्यंत पासपोर्ट हातातून सोडू नका.